फरशीखालचं कांबळं

एका संक्रांतीला मी गावातल्या झाडून साऱ्या सवाष्णींना दारूच्या पेल्याखाली ठेवायच्या फरश्या वाटल्या. हळद लावून, कुंकू लावून, वर तिळाचा लाडू ठेवून, वाण म्हणून. आणि वर प्रत्येकीला 'गोड बोला' असंही बजावलं. आता एवढं सांगून टाकलं म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी आणि हसायला तुम्ही.

यंदाही जानेवारी आला. ओढ्याकडच्या गुऱ्हाळाचा धूर सकाळी धुक्यात मिसळतो आणि धुकंच गोड झाल्यासारखं वाटतं. हरभऱ्याच्या टहाळ्यानं बोटं आंबट होतात, बोरांनी दात आंबतात. कांद्याच्या लागणीला निघालेल्या बायका दारावरून जाताना एकमेकींना विचारतात, औंदा वाण काय लुटायचं ठरवलं? सगळ्यांच्या संक्रांतीला भाजलेल्या तिळाचा वास येतो. माझ्या संक्रांतीला ऑइलपेंटचा येतो. इतकी वर्षं झाली, पण थंडीची पहिली शिरशिरी अंगावर आली की नाकात आधी तो रंग शिरतो, मागून तीळ.

परवा सुनेनं विचारलं, "आई, यंदा वाण काय आणायचं?" मी तोंड उघडायच्या आत ओसरीवर ऊन खात बसलेल्या आमच्या म्हाताऱ्यानं तिथूनच उत्तर दिलं, "फरश्या." ह्यांच्या कानाला यंत्र आहे. चार हाका मारल्या तरी ते चालू नसतं, माझी फजिती निघायची असली की बरोबर चालू होतं. सून बिचारी माझ्याकडे बघत राहिली. तिला म्हटलं, बस, सांगते.

गाव आमचं लोणंदपासून थोडं आत, कालव्याच्या अंगाला. घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं गावातल्या बायकांनाही न मागता हुद्दे मिळालेले. हळदीकुंकवाला सुभेदारीण काकी भिंतीला टेकून बसणार, आम्ही हवालदारणी मधे, नाईक आणि शिपायांच्या बायका दाराशी. कुणी कुणाला बसवायचं नाही, आपोआप बसायच्या. त्यात मी माहेरची सांगलीची, दहावी झालेली, आणि आता हवालदारीण. म्हणजे शहाणपणाचे तीन तांबे एका डोक्यावर. त्या वेळची शालन आज समोर आली, तर मी तिला आधी 'गप बस' म्हणेन. ती बसणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. दसऱ्याच्या सुमाराला हवालदार पेन्शनीवर घरी आले. बरोबर काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आणि पेटीत करड्या रंगाचं एक जाडजूड कांबळं. फौजेतून सुटताना सरकारी सामान जमा करावं लागतं, पण हे कांबळं त्यांनी कुठल्याशा बर्फाच्या मुलखातल्या बाजारात स्वतःसाठी घेतलेलं. मी पलंगावर नवी चादर घालून ठेवली होती, उशीच्या अभ्र्यावर गुलाब भरलेला. हवालदारांनी पेटी उघडली, कांबळं काढलं, पडवीत अंथरलं आणि त्यावर आडवे झाले. मी विचारलं, पलंगाला काय झालं? तर म्हणाले, "हे जिथं आंथरलं तिथं माझं घर. सवय हाय."

मला तो शब्द फार लागला. सतरा वर्षं मी जे घर सारवत होते, ज्याच्या भिंतींना दर दिवाळीला चुना देत होते, ते माझंच होतं तर. ह्यांचं घर घडी घालून पेटीत मावत होतं.

आणि ती पेटी पुन्हा हलणार होती. पलटणीतल्या एका जोडीदारानं पुण्यातल्या एका कारखान्याच्या फाटकावर ह्यांच्यासाठी जागा बघून ठेवली होती. रथसप्तमी झाली की निघायचं. हे त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. तेही जेवताना, मीठ मागावं तसं. गावाला यात नवल नव्हतं. फौजेतून सुटलेला माणूस घरी येतो. त्याच्याशी कसं वागावं हे घरच्यांना कळत नाही, घरात कुठं बसावं हे त्याला कळत नाही. मग तो कुठल्या तरी शहरात एखाद्या फाटकावर जाऊन उभा राहतो. तिथं त्याला सगळं कळतं. माझे सासरेही असेच मुंबईला गेले होते. त्यांच्या माघारी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घर रेटलं. कधी एका शब्दानं तक्रार नाही. पण एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या त्या सहज बोलून गेल्या, "भांड्याला भांडं लागतंयच म्हंत्यात. माझ्या घरात दुसरं भांडंच न्हवतं."

मी भाकरी थापत होते. त्या भाकरीवरच मी ठरवलं, हवालदार जाणार नाहीत.

आता, 'जाऊ नका' असं तोंडानं म्हणणं ही सगळ्यात सोपी गोष्ट होती. पण सतरा वर्षं एसटी स्टँडवर उभं राहून 'या हं, पोचल्यावर कळवा' एवढंच म्हणायला शिकलेली जीभ. तिला दुसरं वळण पडेना. शिवाय सोपी गोष्ट करायची मला तेव्हा लाजच वाटायची. डाव टाकल्याशिवाय काही मिळवलं तर ते मिळवल्यासारखं वाटायचं नाही.

पहिला डाव पेटीवर. मी ती पुढच्या खोलीत मधोमध आणून ठेवली, दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या, वर भरतकामाचा रुमाल घातला. झाला टीपॉय. माझं गणित सरळ होतं. पेटी सामान असेल तर ती जाते, फर्निचर असेल तर राहते. आणि टीपॉय डोक्यावर घेऊन पुण्याला निघालेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

ह्यांना भेटायला माणसं येत होतीच. चहा होत होता, पाणी होत होतं. पेल्यांच्या बुडाचं पाणी आणि गरम कपांची धग रुमालातून खाली उतरली आणि काळ्या रंगावर पांढरी वर्तुळं उमटली. त्यातलं एक नेमकं नावावर. हवालदारांनी ते बोटानं पुसून बघितलं, मग धोतराच्या सोग्यानं, मग रॉकेलच्या बोळ्यानं. दुसऱ्या दिवशी पेटी कोपऱ्यात आणि रुमाल खुंटीवर. माझ्या टीपॉयची पुन्हा पेटी झाली.

तेव्हा मला मेमसाब आठवल्या. लग्नानंतर एकदाच, एक उन्हाळाभर, मी ह्यांच्याबरोबर फॅमिली क्वार्टरमध्ये राहिले होते. तिथं साहेबांच्या बाईंनी आम्हा सगळ्या बायकांना घरी बोलावलं. लिंबाचं थंडगार सरबत, आणि प्रत्येक ग्लासाखाली एक चौकोनी, चिनी मातीची, फुलं काढलेली फरशी. मला वाटलं, ही आपली बशी. मी ग्लास उचलून नुसत्या टेबलावर ठेवला आणि फरशीवर शेव वाढून घेतली. मेमसाब हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी हळूच सांगितलं की हा कोस्टर, टेबलावर डाग पडू नये म्हणून. मी ती खूणगाठ बांधून ठेवली. कोस्टर म्हणजे सरबताच्या ग्लासाखालची वस्तू. अर्धं ज्ञान पदरात बांधून बाई इतकी वर्षं सुखात राहिली.

पेटी वाचवायला चार फरश्या पुरल्या असत्या. पण चार फरश्यांवर भागेल ती माझी जिद्द कसली. मी ठरवलं, साऱ्या गावाला वाण म्हणून हेच द्यायचं. बायका बघतील, मागण्या येतील. मग लोणंदच्या बाजारात ठेवू, मग महाबळेश्वरला येणारे पाहुणे नेतील, मग साताऱ्यात एखादा गाळा. कापणार हवालदार, रंगवणार मी. दुसऱ्याच्या कारखान्याच्या फाटकावर उभं राहायची गरजच काय, कारखानाच आपला! हे सगळं मी एका दुपारी, शेंगा फोडता फोडता उभं केलं होतं. शेंगा संपल्या तेव्हा आमचा माल परदेशी निघाला होता.

थोरला भाऊ, आप्पा, सांगलीजवळ कुपवाडला टाइल्सच्या एका गोदामात कामाला होता. मार्गशीर्षात मी माहेरी जाऊन थडकले. कुपवाडचा तो भाग म्हणजे सगळीकडं पत्र्याच्या शेड, लोखंड घासल्याचा वास, आणि पाळी सुटली की लुना आणि सायकलींचा लोंढा. गोदामाच्या मागच्या बाजूला, वाहतुकीत कडा उडालेल्या फरश्यांचा ढीग पडलेला असायचा. गवंडी ज्यांना 'स्टाईल' म्हणतात त्या, न्हाणीच्या भिंतीला लावायच्या पांढऱ्या, चकचकीत. मालकाला विचारून आप्पानं त्या मला निवडून दिल्या. पोत्यात खाली उसाचं पाचट, मग फरश्या, मग पुन्हा पाचट, असे थर लावताना तो म्हणाला, "लोकांच्या भनी म्हायेरास्नं साडी नेत्यात. आमची न्हाणीघर न्यायला लागली." वहिनीनं वरून शेरभर हळद बांधून दिली. सांगलीची लेक हळदीशिवाय परत जात नाही, मग बरोबर न्हाणीघर का असेना.

परतीच्या गाडीत पोतं सीटखाली सरकवलं. समोरच्या माणसानं पाय ठेवायला जागा केली आणि विचारलं, बाई, काय आहे यात? मी म्हणाले, देव. लोणंदपर्यंत त्या पोत्याला कुणाचा पाय लागला नाही. उतरताना एका म्हातारीनं तर हात लावून कपाळाला लावला. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. आज वाटतं, तिनं नमस्कार केलेला वायाही गेला नाही.

हवालदारांनी पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, कापायची कशी? मला वाटलं होतं समजूत घालावी लागेल. पण ह्या माणसाला काम दाखवलं की तो त्याची ड्यूटी करून टाकतो. लोणंदहून काच कापायचा हिरा आणला. फरशीच्या चकचकीत अंगावर पट्टी धरून एकच रेघ ओढायची, रेघेखाली एक खिळा आडवा ठेवायचा, आणि दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबायचं. टक्. एका फरशीचे दोन, दोनाचे चार. मग धुण्याच्या दगडावर पाणी घालून कडा घासायच्या, बोट फिरवलं तर बोचू नये इतक्या. कापलेले तुकडे ह्यांच्या उजव्या हाताला रांगेत उभे. परेडला उभे असल्यासारखे, एकाचं नाक दुसऱ्याच्या पुढं नाही.

माझा कारभार याच्या उलट. ऑइलपेंटचे डबे, केरोसिनची वाटी, बोटांना चार रंग, कपाळाला पाचवा. मी हळदीचं पान काढलं, उसाचं कांडं काढलं, सुगड काढलं. तिथंच थांबायला हवं होतं, पण मी मोराला हात घातला. आत्याबाईंनी फरशी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, कोंबडी बेस जमलीया. वरून व्हार्निशचा हात. थंडीत ते वाळता वाळेना. साऱ्या घराला असा वास की आत्याबाई भाकरी घेऊन अंगणात जाऊन बसायच्या. पण 'पुरे' म्हणाल्या नाहीत एकदाही. त्यांना सगळं दिसत होतं, असं आता वाटतं.

त्या दुपारी मला अजून अंगावर ऊन पडल्यासारख्या आठवतात. पडवीत आम्ही समोरासमोर बसायचो, मधे फरश्यांची चळत. सतरा वर्षं सुट्टीवर आलेला नवरा म्हणजे घरभर पाहुणे आणि आठवडाभराची गडबड. दिवसाउजेडी, निवांत, हाताला हात लागेल इतकं जवळ आम्ही कधी बसलोच नव्हतो. ते बर्फातल्या गोष्टी सांगायचे, थोड्या थोड्या, टक् आणि टक्च्या मधल्या जागेत. तिथं पाण्याची बाटली कुशीत घेऊन झोपावं लागतं, नाहीतर सकाळी दगड होतो. मी सांगायचे, विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा काय झालं, थोरल्या लेकाला गोवर आला तेव्हा काय झालं. मला कळलं की काम करताना हे नाकात गुणगुणतात. एकदा त्यांचा हात हिऱ्यावरच थांबला. माझ्या ब्रशकडं बघत म्हणाले, "तू डावखुरी हाईस व्हय?"

हसावं का रडावं, मला कळेना. मी म्हणाले, व्हय, लग्नाच्या आधीपासनं.

राहता राहिलं बूड. फरशीची खालची बाजू खरखरीत, लाकडावर ओरखडे काढणारी. मेमसाबच्या कोस्टरला खाली मऊ कापड होतं, ते मी पालथं करून बघितलेलं. घरात जुन्या साड्या होत्या, गोधडीचे तुकडे होते, थोरल्याचा उसवलेला स्वेटर होता. पण मी स्वतःला पटवलं की लोकरच पाहिजे, आणि लोकर म्हणजे कांबळंच. मार्गशीर्षाच्या गारठ्यात आत्याबाईंनी लेकाच्या अंगावर स्वतःच्या हातानं शिवलेली वाकळ घातली होती, तेव्हापासून ते कांबळं पेटीतच पडून होतं. आणि माझ्या डोक्यात दुसरंही गणित चालू होतं. ज्या माणसाचं घर कांबळ्यात आहे, त्याचं कांबळंच संपलं तर तो जाईल कुठं? पुण्यात कांबळी मिळतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डाव मनात बसला की मी त्याला प्रश्न विचारत नसे.

जेवण झालं की हवालदार पडवीतल्या बाजेवर तोंडावर टॉवेल टाकून आडवे व्हायचे. मी पेटीच्या बिजागरीला गोडेतेल लावून ठेवलं होतं, कुरकुर नको म्हणून. आत बसून, कांबळ्याची घडी उलगडायची, मधल्या भागातून तुकडा काढायचा आणि वरून घडी होती तशी घालून ठेवायची. कांबळ्याला डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या कोळशाच्या धुराचा वास. पहिल्या दिवशी माझी शिवणाची कात्री त्या लोकरीत जाईना. दोरा तोडायच्या लायकीची कात्री ती, चावल्यासारखं करायची आणि सोडून द्यायची. अंगठ्याला फोड आला, तुकडा एकच निघाला, तोही वेडावाकडा. एकदा वाटलं, ही खूण आहे, थांबावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, तर काकडी चिरावी तशी कात्री चालली. मला वाटलं, ही माझ्या मनगटातली जिद्द. किती कौतुक वाटलं होतं मला माझं.

चांभाराकडून आणलेल्या सोल्युशननं मी ते चौकोन फरश्यांना चिकटवले. तयार फरशी पालथी म्हणून कधी ठेवली नाही. ह्यांना वरची नक्षी तेवढी दिसायची, खालचं काही दिसायचं नाही. असं मला वाटायचं.

हळदीकुंकवाचा दिवस. उसाच्या पेरांनी, बोरांनी, गाजरांनी सुपं भरलेली. सुभेदारीण काकी भिंतीला, आम्ही मधे, बाकीच्या दाराशी. मी सांगलीची हळद प्रत्येकीला लावत गेले आणि हातावर एकेक फरशी ठेवत गेले. बायका उलटीपालटी करून बघायला लागल्या. कुणी म्हणालं, सहाण आहे का? कुणी म्हणालं, देवाखाली ठेवायचा पाट असेल. मी मधोमध उभी राहून भाषण केलं. मोठ्या घरांतून पेला नुसता ठेवत नाहीत, त्याच्याखाली हे ठेवतात, यानं टेबल राहतं, वगैरे. मग मसाल्याचं गरम दूध आणलं आणि काकींच्या पुढं फरशीवर पेला ठेवून दाखवला. व्हार्निश पुरतं वाळलेलं नव्हतं. काकींनी पेला उचलला तर खालून फरशीही उचलली गेली, मोरासकट. त्यांनी तो तसाच डोळ्यांपुढं धरला आणि शांतपणे विचारलं, "शालन, तुझ्या पेल्याला शेपूट फुटलं का गं?" बायका एवढ्या हसल्या की दाराशी बसलेल्याही पुढं आल्या. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा हुद्द्यांची रांग मोडली. तेवढं तरी फरशीच्या नावावर मांडा.

खरी गंमत संध्याकाळी झाली. सुभेदार अण्णांनी घरी ती फरशी बघितली आणि ठसका लागेपर्यंत हसले. बायकोला म्हणाले, अगं, ही तर आमच्या मेसमधली रमच्या पेल्याखालची चकती! सकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक निवृत्त फौजीनं आपापल्या बायकोला हेच सांगितलं होतं. मी हवालदारांना गाठलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, मेसमध्ये असंच असतं. मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू कुठं विचारलंस. आणि पुन्हा हिरा चालवायला लागले.

दुपारी काकी आल्या. पदराखाली फरशी. पण पदर काही उघडेनात. कारण वाण परत करता येत नाही. टाकता येत नाही. संक्रांतीचं वाण माघारी दिलं म्हणजे काय होतं, हे कुणी करून बघितलेलं नव्हतं आणि बघायची कुणाची तयारीही नव्हती. म्हणजे साऱ्या गावातल्या सवाष्णींच्या घरी ती चकती कायमची येऊन बसली होती. माझं तोंड चुलीतल्या राखेसारखं झालं. दारूच्या चकत्या वाटणारीचं घर, असं म्हणत हवालदार रथसप्तमीची वाट न बघता आधीच पेटी उचलतील, एवढंच दिसायला लागलं.

तेव्हा आत्याबाई उठल्या. कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि काकींना बसवत म्हणाल्या, "हळद लावून घेतलंय न्हवं? मग ती चकती न्हाई, वाण हाय. वर काय ठेवायचं त्ये ज्येच्या त्येच्या घरानं ठरवावं." आणि काकींच्या पदराखालच्या फरशीला त्यांनी पुन्हा एकदा हळद लावली.

गावानं ते ठरवलं. माझ्या फरश्या पुढं वर्षानुवर्षं मला भेटत राहिल्या. एकीनं समईखाली ठेवली, तेल सांडू नये म्हणून. एकीनं तुपाच्या गाडग्याखाली. एकीनं नवीन न्हाणी बांधताना भिंतीत बसवून घेतली, म्हणजे ती फिरून स्वतःच्या घरी गेली म्हणायची. एका म्हातारीच्या उशाशी औषधाच्या पेल्याखाली होती, ती गेली त्या दिवसापर्यंत. आणि सुभेदार अण्णांनी दोनच दिवसांत निरोप पाठवला की अर्धा डझन पाहिजेत, बसायच्या टेबलासाठी, पण मोर नको. आत्याबाईंकडं बघितलं, त्या भिंतीकडं बघत होत्या. मी अण्णांना अर्धा डझन दिल्या. सगळ्या मोरांच्या.

साताऱ्यातला गाळा वगैरे काही झालं नाही. दोन-तीन संक्रांती आम्ही फरश्या केल्या, मग ती हौस फिटली. आज त्या सगळ्यांतली एकच घरात उरली आहे, ती ह्यांच्या चहाच्या कपाखाली असते. कोंबडीचा रंग गेला, तुरा तेवढा शिल्लक आहे. सुनेला ती दाखवली तेव्हा ती पालथी करून म्हणाली, आई, हे खाली काय चिकटवलंय, कसर लागलीय त्याला. ओसरीवरचं यंत्र लगेच चालू झालं. त्यामुळं ते शेवटचंही सांगावं लागलं.

रथसप्तमीच्या सकाळी आत्याबाईंनी अंगणात सूर्याची रांगोळी काढली, शेणीच्या विस्तवावर दूध उतू घातलं. ऊन कोवळं, धूर पांढरा, दुधाचा करपट गोड वास. हवालदारांनी आंघोळ केली, सूर्याला हात जोडले, आत आले आणि पेटी उघडली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. त्यांनी कांबळ्याची घडी उचलली. ती आता फारच हलकी झाली होती. दोन्ही हातांनी ती उलगडून समोर धरली, तर मधोमध चौकोनच चौकोन, खिडक्याच खिडक्या. त्यातल्या एका खिडकीतून मला त्यांचा चेहरा दिसला.

मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. उंदीर, कसर, लोकर, मेमसाब. त्यातलं एकही वाक्य वर आलं नाही. सगळे डाव संपले तेव्हा जिभेवर ती एकच सोपी गोष्ट उरली होती. मी म्हणाले, "जाऊ नका."

त्यांनी उरलेल्या कांबळ्याची, होती तेवढ्याची, नीट घडी घातली. पेटीत ठेवली. पेटी बंद करून, ओढत, पुढच्या खोलीत मधोमध आणली. खुंटीवरचा रुमाल काढून तिच्यावर पसरला, सुरकुती काढली, वर्तुळ पडलेल्या नावावर एक फरशी ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"पैल्या दिवशी तू कांबळं कापाया बसलीस, तवा मी जागाच हुतो. कात्री लय बोथट हुती. म्हणून धार लावून ठेवली."